पाहणारे किती आणि आवडून पाहणारे किती? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरातून मी वाचकांना एवढेच विचारले होते की, अलीकडे दूरचित्रवाणीवर आणि ओटीटीवर जे पाहिले, त्यातून आपल्या मनात कोणता प्रश्न उरला. गणेश चवथीची सुट्टी संपवून परत आलो तेव्हा पत्रांचा आणि ई-मेलचा चांगलाच ढीग साचला होता. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे, कारण नणंदेच्या आवडत्या मालिकेला मासिकातून नावे ठेवणे ही गोव्यासारख्या लहान प्रदेशात जोखमीची गोष्ट आहे. म्हणून पत्राखाली केवळ गावाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : 'ठरलं तर मग' ही मालिका आमच्या घरी रोज लागते आणि रोज तिच्यावर टीका होते. मधुभाऊंचा खटला इतका लांबला की, आमची सून त्या काळात वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली. शेजाऱ्यांकडे आणि बहिणीकडेही हीच तऱ्हा आहे. तरीही मालिका पहिल्या क्रमांकावर असल्याच्या बातम्या येत राहतात. नावे ठेवणारे आम्ही इतके जण असताना हा क्रमांक कोण देते? (निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : आपणच देता. फक्त तो देताना आपले मत कोणी विचारत नाही, आपला दूरचित्रवाणी संच चालू आहे की नाही एवढेच पाहिले जाते. टीआरपी म्हणून जे आकडे आपण वाचतो, त्यांचे मापन २०१५ पासून बार्क इंडिया ही संस्था करते. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत तिचे मीटर बसवलेले आहेत आणि ती घरे कोणती हे गुप्त ठेवले जाते. वाहिनीच्या ध्वनीत आपल्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती हा मीटर टिपतो, आणि संचासमोर घरातील कोण बसले आहे हे ज्याने त्याने आपल्या नावाचे बटण दाबून कळवायचे असते. या सगळ्या व्यवस्थेत 'आवडले' किंवा 'आवडले नाही' असे बटण कुठेच नाही. आपण पूर्ण अर्धा तास लेखकाचा उद्धार करीत बसला असाल, तरी मीटरच्या लेखी ते एकाग्रतेने केलेले दर्शनच ठरते.

यात गोव्यापुरती आणखी एक गंमत आहे. मराठी वाहिन्यांची क्रमवारी ज्या आकड्यांवरून लागते, ते आकडे 'महाराष्ट्र/गोवा' या एकाच बाजारपेठेचे म्हणून मोजले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती आणि गोव्याची १४ लाख ५८ हजार, म्हणजे दोन्ही एकत्र धरल्यास आपला वाटा शंभरात सव्वा. त्यातही गोव्यातील प्रत्येक घर मराठी मालिका पाहणारे नाही. तेव्हा फोंडा, डिचोली आणि पेडणे या तिन्ही तालुक्यांनी संगनमत करून आठवडाभर संच बंद ठेवले, तरी मुंबईतील वाहिनीच्या कचेरीत कोणाच्या भुवया वर जाण्याची शक्यता फारच कमी आहे.

खटला लांबण्याचे कारणही याच मापनात दडलेले आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्यापाशी नीट बांधलेली गोष्ट होती : आश्रमात वाढलेली सायली, कराराचे लग्न करणारा वकील अर्जुन, खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेले मधुभाऊ आणि सायलीची खरी ओळख लाटून बसलेली दुसरी मुलगी. ही सामग्री शंभर-दीडशे भागांत उत्तम संपली असती. परंतु आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाचे तीनशेहून अधिक भाग होतात, आणि लोक पाहत आहेत तोवर गोष्ट थांबवायची नाही हा या व्यवसायाचा नियम असल्यामुळे लेखकाला शेवट माहीत असूनही त्याच्याकडे जाण्याची मुभा नसते. मग पुरावा सापडतो आणि हरवतो, साक्षीदार बोलणार तोच बेशुद्ध पडतो, दार वाजते आणि त्या दाराकडे पाहणारे आठ चेहरे आपल्याला एकेक करून तीन-तीन वेळा दाखवले जातात. जुई गडकरी यांचा अभिनय मला पहिल्या वर्षी मनापासून आवडला होता, आजही तो पडलेला नाही. पडले आहे ते त्यांच्या हाती दिलेले काम. न्यायालयातील दृश्यांबद्दल मी काही बोलत नाही. आपल्या सूनबाई आता वकील आहेत, त्याच अधिकारवाणीने बोलतील.

प्रश्न : 'ठरलं तर मग'मधील पूर्णा आजीच्या भूमिकेत नव्या अभिनेत्री आल्यावर मला काही दिवस मालिका पाहवेना. असा बदल करण्यापेक्षा ते पात्रच संपवणे योग्य नव्हे काय? (गृहिणी, कुंभारजुवे)

उत्तर : ही आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर यांचे १६ ऑगस्ट २०२५ रोजी निधन झाले आणि पुढे ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांच्याकडे आली. त्या मोठ्या अभिनेत्री आहेत, परंतु आपल्याला जे खटकले त्याचा अभिनयगुणाशी संबंध नाही. रोज रात्री घरात येणारी आजी ही प्रेक्षकाच्या सवयीचा भाग झालेली असते आणि सवयीला पर्याय चटकन पटत नाही. 'प्रेमाची गोष्ट' या मालिकेतून २०२५ च्या आरंभी तेजश्री प्रधान गेल्या आणि त्यांच्या जागी स्वरदा ठिगळे आल्या, तेव्हाही असेच झाले होते. मात्र मृत्यूमुळे झालेला बदल आणि नायिकेने मालिका सोडल्यामुळे झालेला बदल यांत मी फरक करीन. पहिल्या प्रकारात प्रेक्षकाला शोकासाठी थोडा वेळ द्यायला हवा.

प्रश्न : आमच्या सासूबाई म्हणतात की, आताच्या सगळ्या मराठी मालिका दुसऱ्या भाषांतून उचललेल्या असतात. मी म्हणते की तसे नसावे. आमचा हा वाद आपण मिटवावा. (गृहिणी, म्हापसा)

उत्तर : 'सगळ्या' हा शब्द वगळला तर सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. 'ठरलं तर मग' ही तमिळ 'रोजा'वरून आली. 'आई कुठे काय करते' ही डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत जवळपास पाच वर्षे चाललेली मालिका बंगाली 'श्रीमोयी'वर आधारित होती आणि त्याच बंगाली मुळातून हिंदीतील 'अनुपमा' निघाली, म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणी. 'रंग माझा वेगळा'चे मूळ मल्याळम, 'सहकुटुंब सहपरिवार'चे तमिळ आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्मी निवास'चे कन्नड. एका भाषेत चाललेली गोष्ट दुसऱ्या भाषेतही चालेल असा हिशेब वाहिन्या मांडतात, आणि मोठ्या वाहिन्यांचे जाळे अनेक भाषांत असल्यामुळे हक्क मिळवणे त्यांना सोपे जाते.

पण सासूबाईंच्या 'उचललेल्या' या शब्दातील तिरस्कार मला मान्य नाही. आपली संगीत रंगभूमी ज्या नाटकापासून मोजली जाते, ते १८८० सालचे किर्लोस्करांचे 'शाकुंतल' कालिदासाकडूनच आलेले होते आणि त्याबद्दल कोणी त्यांना उसनवारीचा दोष दिला नाही. गोष्ट बाहेरून येण्यात गैर काही नाही, ती इथल्या घरात राहायला आली पाहिजे. 'आई कुठे काय करते' ही अरुंधतीची मालिका पहिली दोन वर्षे तशी राहायला आली होती. मधुराणी प्रभुलकर यांची ती बाई ओट्याशी उभी राहून ज्या तऱ्हेने 'काही नाही' म्हणायची, तसे 'काही नाही' आपण सर्वांनी आपापल्या आईच्या तोंडून ऐकलेले आहे. उलट काही रूपांतरांत माणसे मराठी बोलतात, पण त्यांचे सणवार, त्यांचे दागिने, त्यांची वरून खाली उतरणाऱ्या जिन्याची हवेली आणि जेवणाच्या मेजावर मांडलेली ताटे कोणत्याच मराठी घरातली वाटत नाहीत. तिथे सासूबाई जिंकल्या असे समजावे.

प्रश्न : मी पेडण्याचा. 'रात्रीस खेळ चाले' लागायची तेव्हा आमच्या घरी सगळे हातातले काम टाकून बसायचे, कारण ती माणसे आमच्यासारखी बोलायची. त्यानंतर मराठी मालिकांत आमच्या बाजूचे काहीच आलेले नाही असे वाटते. आणि गोवा म्हटले की वेबमालिकांत दारू, अमली पदार्थ आणि समुद्रकिनाऱ्यावर सापडलेले प्रेत! मराठी मालिकेत एक साधे गोमंतकीय कुटुंब का दिसू नये? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पेडणे)

उत्तर : या ढिगातील हे पत्र मला सर्वांत जवळचे वाटले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'रात्रीस खेळ चाले' २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाले आणि पुढे तिचे आणखी दोन भाग आले. पहिल्या भागाच्या वेळी तिच्यावर दोन परस्परविरोधी टीका होत होत्या. कोकणात अंधश्रद्धेखेरीज काही नाही असे चित्र उभे राहते, ही त्यांतली एक आणि ती निराधार नव्हती. दुसरी अशी की, मालवणी बोली महाराष्ट्रभरच्या प्रेक्षकाला कळणार नाही. ही दुसरी टीका प्रेक्षकांनीच खोटी पाडली. दुसऱ्या भागातील अण्णा नाईक विदर्भातल्या प्रेक्षकालाही समजले, कारण माधव अभ्यंकरांच्या आवाजातली जरब शब्दकोशाशिवाय पोहोचत होती. बोलीमुळे प्रेक्षक दूर जातो ही वाहिन्यांची समजूत तेव्हा मोडायला हवी होती. प्रत्यक्षात मोडली नाही, आणि अनेक मालिकांत बोली विनोदी नोकराच्या किंवा गावाकडून आलेल्या मावशीच्या वाट्याला जाऊन बसली.

गोव्याची अडचण याहून किचकट आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोंकणी बोलली जाते आणि वर्तमानपत्र मराठी वाचले जाते, आरती मराठी म्हटली जाते, जत्रेत नाटक मराठी होते. एकाच ओसरीवर आजी नातवाला कोंकणीतून ओरडते आणि पाठोपाठ मराठी अभंग गुणगुणते. हे आपल्याला इतके स्वाभाविक आहे की त्याचे वर्णन करण्याची वेळ कधी येत नाही, पण मुंबईतल्या लेखकाला ते लिहायचे म्हटले तर कोणत्या भाषेत लिहावे हेच कळणार नाही. मग तो सोपी वाट धरतो आणि गोव्याचे पात्र म्हणून वाक्याच्या शेवटी 'मॅन' म्हणणारा, टोपी घातलेला, हातात ग्लास असलेला एक गृहस्थ उभा करतो. अशी माणसे गोव्यात नाहीत असे मी म्हणणार नाही. पण जो राजांगणात गणपतीच्या माटोळीची फळे बांधतो, ज्याची मुलगी पणजीला नोकरी करते, ज्याच्या भावाचा आणि त्याचा वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून अबोला आहे आणि जो तरीही चवथीला त्याच भावाच्या पंगतीला बसतो, त्याच्यावर दोनशे भागांची मालिका निघू शकते, आणि तीही कोणाला विष न घालता.

आपल्याला कदाचित आठवत असेल की, एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील चित्रीकरण थांबले, तेव्हा अनेक मराठी मालिकांची युनिटे गोव्यात उतरली होती. मे महिन्यात इथलीच रुग्णसंख्या भयंकर वाढली, चित्रीकरणाला विरोध झाला आणि परवानग्या रद्द झाल्या. त्या काही आठवड्यांत गोव्यातली घरे, बागा आणि बंगले रोज रात्री मराठी प्रेक्षकासमोर होते. पण ते दुसऱ्याच कोणाचे तरी घर म्हणून किंवा सहलीचे ठिकाण म्हणून. गोवा इतका वेळ पडद्यावर असूनही त्याला स्वतःची भूमिका मिळाली नाही, ही गोष्ट मला तेव्हाही लागली होती.

मात्र गाऱ्हाणे करताना एक गोष्ट आपणही कबूल करू. गोव्यात नाटके लिहिणारे आणि नाटके बसवणारे पुष्कळ आहेत. मालिकेची संहिता लिहिण्याचे शिक्षण घेऊन मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारे फार थोडे. पेडण्यातून आपणच सुरुवात केलीत, तर पहिला भाग वाचायला मी आनंदाने तयार आहे.

प्रश्न : 'लंपन' या वेबमालिकेला इफ्फीत मिळालेला पुरस्कार योग्य होता काय? आमच्या गटात मतभेद आहेत. काहींना ती फार संथ वाटली. (विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : माझ्या मते योग्य होता. २००४ पासून पणजीत भरणाऱ्या इफ्फीने, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने, २०२३ मध्ये वेबमालिकांसाठी पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी तो 'पंचायत'च्या दुसऱ्या पर्वाला आणि २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'लंपन'ला मिळाला. देशभरच्या भाषांतील मालिका स्पर्धेत असताना एका मराठी मालिकेला, तीही आपल्याच अंगणात, हा मान मिळाला याचा गाजावाजा आपल्याकडे जितका व्हायला हवा होता तितका झाला नाही.

प्रकाश नारायण संत यांच्या कथांतील हा मुलगा आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहायला येतो. तिथली मराठी कानडीच्या सहवासातली आहे, तिला एक हेल आहे, आणि मालिकेने तो हेल पुसून टाकला नाही. वर पेडण्याच्या वाचकाला जे उत्तर दिले त्याचा पुरावा म्हणून ही मालिका दाखवता येईल. संथ वाटली हा आक्षेप मला समजतो, परंतु त्या मुलाच्या आयुष्यात घडते ते बरेचसे मनातल्या मनात घडते. गीतांजली कुलकर्णी यांची आजी नातवाकडे नुसती पाहते, त्याला काही विचारत नाही, आणि विचारले नाही म्हणूनच तो पुढे बोलतो. दैनंदिन मालिकेत अशा क्षणी पार्श्वसंगीत वाजले असते. आपल्या गटातील ज्यांना कंटाळा आला, त्यांनी ती फोनवर पाहिली की मोठ्या पडद्यावर, आणि सोबत आणखी काय चालू होते, हेही त्यांना विचारून पाहावे.

प्रश्न : 'इन्स्पेक्टर झेंडे' पाहिला. पर्वरीत राहत असल्यामुळे शेवटच्या भागाबद्दल विशेष उत्सुकता होती. पण एवढ्या गंभीर गुन्हेगाराची अशी थट्टा करावी काय? (वाचक, पर्वरी)

उत्तर : 'इन्स्पेक्टर झेंडे' हा चित्रपट असला, तरी तो ५ सप्टेंबर २०२५ रोजी थेट नेटफ्लिक्सवर आल्यामुळे त्याला या सदरात प्रवेश देतो. त्याचा विषय असलेला कुप्रसिद्ध गुन्हेगार चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहारमधून पळाला आणि ६ एप्रिल रोजी मधुकर झेंडे यांच्या पथकाने त्याला आपल्या पर्वरीतील 'ओ कोकेरो' या उपाहारगृहात पकडले. गोवा तेव्हा घटकराज्यही झाले नव्हते. ज्या झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईत पकडले होते, त्यांच्याच हाती तो पुन्हा लागावा, हा योगायोग एखाद्या लेखकाने रचला असता तर आपण त्याला हसलो असतो.

चिन्मय मांडलेकर यांनी गुन्हेगाराचे नाव बदलून आणि सगळ्याला विनोदाचा सूर लावून ही गोष्ट सांगितली, ती मला पटली. कारण शोभराजला रुबाबदार नायक म्हणून दाखवण्याची हौस आजवर अनेकांनी भागवून घेतली आहे आणि खर्चाला पैसे नसलेले, वेषांतर करून किनाऱ्यावर घामाघूम होणारे मुंबईचे पोलीस या नायकापुढे ठेवणे हा त्यावर चांगला उतारा आहे. आपल्याला गंभीर बाजू पाहायची असल्यास जानेवारी २०२५ मध्ये आलेली 'ब्लॅक वॉरंट' ही वेबमालिका पाहावी. तिच्यात शोभराज आहे, पण तो मध्यभागी नाही. मध्यभागी आहे तिहारमध्ये नव्याने नोकरीला लागलेला, सरळ स्वभावाचा सुनील गुप्ता हा तुरुंगाधिकारी. जहान कपूर यांनी ही भूमिका आवाज न चढवता केली आहे. अशी माणसे आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत अजून भेटतात.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. 'अॅडोलेसन्स' त्याला दाखवावी काय? आणि नको ते त्याच्या दृष्टीस पडू नये यासाठी काय करता येते? (आई, मडगाव)

उत्तर : मार्च २०२५ मध्ये आलेली ही चार भागांची ब्रिटिश मालिका तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या आरोपावरून पहाटे घरातून उचलून नेतात तिथे सुरू होते. प्रत्येक भाग एकाही काटछाटीशिवाय सलग चित्रित केलेला असल्यामुळे पाहणाऱ्यालाही नजर फिरवायला सवड मिळत नाही. त्या मुलाची भूमिका करणारा ओवेन कूपर पंधराव्या वर्षी एमी पुरस्कार मिळवून गेला. ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना दाखवण्यासाठी विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली, हे ध्यानात घेता चौदा वर्षांच्या मुलाने ती पाहू नये असे मी म्हणणार नाही. मात्र एकट्याने पाहू नये. आपण आधी पाहावी, मग दोघांनी मिळून पाहावी, आणि तिसरा भाग संपल्यावर लगेच जेवायला बसू नये. मी बसलो होतो आणि घास उतरला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील प्रत्येक कार्यक्रमावर वयोगटाची खूण असणे बंधनकारक आहे : सर्वांसाठी 'यू', नंतर 'यू/ए' ७+, १३+ आणि १६+, आणि प्रौढांसाठी 'ए'. १३+ आणि त्यावरील कार्यक्रमांना पालकांचे कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ती सोय अॅपच्या सेटिंगमध्ये असते आणि चार आकड्यांचा पिन ठेवावा लागतो. तो पिन मुलाची जन्मतारीख नसावा, कारण सर्वप्रथम तीच घालून पाहिली जाते. एखाद्या कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल तर त्या सेवेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करावी, पंधरा दिवसांत उत्तर देणे त्याला भाग आहे. वाहिनीवरील मनोरंजन मालिकांसाठी प्रसारकांनीच २०११ मध्ये स्थापन केलेली तक्रार परिषद आहे. तिथे लिहिताना मालिकेचे नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमके दृश्य द्यावे. 'हल्लीच्या मालिका बिघडल्या आहेत' अशा तक्रारीचे कोणीच काही करू शकत नाही.

प्रश्न : 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात आपल्या वर्षा उसगांवकर यांना जी वागणूक मिळाली ती पाहून मी तो कार्यक्रम कायमचा बंद केला. माझे चुकले काय? (वाचक, वास्को)

उत्तर : चुकले नाही. पण २८ जुलै ते ६ ऑक्टोबर २०२४ या काळात चाललेल्या पर्वात वर्षाताईंनी घरातल्या अपमानाला ज्या संयमाने तोंड दिले, तो पाहण्यासारखा होता, एवढे सांगतो. या सदरातील पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात एक नोंद मात्र करावीशी वाटते. ज्या कार्यक्रमावर सर्वाधिक नाके मुरडली जातात, त्याच कार्यक्रमात प्रेक्षकाला खरोखर मत देता येते आणि त्या मतावर निकाल लागतो. घराबाहेर ज्याची फारशी कोणी दखल घेतली नसती, तो सूरज चव्हाण त्याच मतांवर विजेता झाला. मला त्याचा खेळ विशेष वाटला नव्हता. माझे मत मी दिले नव्हते, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार मला नाही.

प्रश्न : 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आणि नव्याने आलेले 'चला हवा येऊ द्या' यांपैकी आपली पसंती कशाला? (वाचक, कुडचडे)

उत्तर : 'हास्यजत्रे'ला. २०१८ पासून चालू असूनही तिच्या प्रहसनांत अजून लेखन दिसते. 'चला हवा येऊ द्या' जुलै २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतले, पण जुन्या पाहुण्यांची सर त्याला अद्याप आलेली नाही. दोन्हीकडे पुरुषाने साडी नेसली की हशा मिळतो हे गृहीतक आता निवृत्त करायला हवे.

प्रश्न : आमच्या वाड्यावरील हौशी मंडळ जत्रेला दरवर्षी मराठी नाटक करते. गेल्या वर्षी पहिल्या अंकाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मालिका संपल्याशिवाय बायका घरातून निघत नाहीत असे मंडळाचे म्हणणे आहे. नाटक उशिरा सुरू करावे काय? (नाट्यमंडळाचा कार्यकर्ता, साखळी)

उत्तर : खुर्च्या रिकाम्या राहिल्या याचा दोष लगेच बायकांच्या माथी मारू नये. गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या एका जत्रेत मी स्वतः मोजले, तेव्हा मंडपाबाहेर खाज्याच्या दुकानांपाशी उभे असलेले सगळे पुरुष होते आणि त्यांच्या हातातल्या फोनवर क्रिकेट चालू होते. शिवाय मालिकेचा चुकलेला भाग आता वाहिनीच्या अॅपवर केव्हाही पाहता येतो, ही गोष्ट घरातल्या तरुण मुलींना ठाऊक आहे आणि आयांना त्यांनी सांगितलेली नाही. ती आपल्या मंडळाने नाटकाच्या हस्तपत्रकावरच छापावी.

वेळेबद्दल म्हणाल तर पालखी देवळात परतल्याखेरीज पडदा वर जात नाही ही रीत आहेच, आणि तोवर रात्रीचे अकरा होतात. तेव्हा महत्त्वाच्या मालिका संपलेल्या असतात. आपले नाटक गेल्या वर्षी कितीला सुरू झाले होते हे पत्रात लिहिलेले नाही. नऊचे जाहीर करून साडेदहाला सुरू केले असेल, तर निम्म्या खुर्च्यांवरची माणसे मालिका पाहायला परत गेली असण्याचीही शक्यता आहे. यंदा अकरा जाहीर करा आणि अकराला तिसरी घंटा द्या. नाटकाचे नाव आणि तारीख कळवल्यास मी येईन.